म्हशीच्या कानातले बारा आकडे

म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडे असतात. आमच्या गावाकडच्या म्हशीचे आकडे असे आहेत: ३७५०७७५९९२८१. मी जन्मभर गणित शिकवलं, हजारो संख्या फळ्यावर लिहिल्या आणि पुसल्या, पण जिचे उपकार मानावेत अशी संख्या ही एकच भेटली. उपकार खरं म्हणजे ती संख्या मला वाचून दाखवणाऱ्या बाईचे. ते कळायला मला चार वर्षं लागली, म्हणून पहिल्यापासून सांगते.

राजारामपुरीत एका इमारतीत खाली औषधांचं दुकान, मधल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि वर आमचा क्लास आहे. आठवी ते दहावीचं गणित माझ्याकडे असतं. माझा स्वभाव तापट. मुलं मला माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. आकडेमोडीतली चूक मला सहन व्हायची नाही, त्यातही आकडे उलटसुलट लिहिणारा पोरगा म्हणजे माझ्या तळपायाची आग मस्तकात. "त्रेसष्टचे छत्तीस केलेस. घरी चप्पलसुद्धा उलटी घालतोस काय रे?" असं मी विचारायची आणि वर्ग हसायचा. बावीस वर्षं मी हाच विनोद करत होते आणि दर वर्षी मला तो नव्यानं आवडत होता.

सासर मलकापूरच्या थोडं अलीकडे, रत्नागिरी रस्त्याला लागून आत. तिथं माझे थोरले दीर आणि थोरल्या जाऊ राहतात. जाऊबाईंना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. चौथीपर्यंत शिकलेल्या, आवाज असा की बांधावरून बोलल्या तर घरात चहा ठेवला जावा. सुरुवातीची कितीतरी वर्षं आमचं नातं सणापुरतं होतं. मी शहरातली शिकलेली, त्या गोठ्यातल्या, असं माझ्या मनात होतं. तोंडानं कधी बोलले नाही, पण अशा गोष्टी न बोलताही समजतात.

एका बेंदराला आम्ही गावी गेलो होतो. पोरं जनावरांची शिंगं रंगवत होती आणि म्हशीच्या कानात तो पिवळा बिल्ला नवाच ठोकलेला होता. चार लोक जमलेले बघून मला चेव आला. मी आकड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या म्हशीच्या नंबराला अकरानं भाग जातो."

"आकडा बगूनच कळतंय?" आक्का म्हणाल्या.

मी युक्ती सांगितली. एक आड एक आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. पहिला, तिसरा, पाचवा असे जाऊन इथं सदतीस होतात. राहिलेल्यांची बेरीज सव्वीस. दोन्हींतला फरक अकरा. फरक शून्य किंवा अकराच्या पाढ्यातला आला की सगळ्या संख्येला अकरानं भाग जातो, मग ती संख्या हातभर लांब का असेना.

"आनि बाकी?"

"काही उरत नाही."

आक्कांना हे फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेल्यावर त्यांनी डेअरीच्या रांगेत सांगितलं, की माझ्या म्हशीला अकरानं भाग जातोय, काय बी उरत न्हाई. कुणीतरी विचारलं, त्यानं दूध वाढतंय व्हय? आक्का म्हणाल्या, "तुझ्या म्हशीला जातोय का ते बग आदी." हे मला दिरांनी फोनवर सांगितलं आणि मी खूप हसले. हसण्यात थोडा मोठेपणाही होता, तो आज कबूल करते.

पुढच्या फेब्रुवारीत मी फळ्यावर उदाहरण सोडवत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, उलटं झालं." मी ६३ च्या जागी ३६ लिहिलं होतं. तिला दटावून मी ते पुसलं आणि पुन्हा ३६ लिहिलं. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा मी लिहायला गेले तर खडू हातातून पडला आणि ओठाची एक बाजू जड झाली. मुलांचा ओरडा ऐकून खालच्या दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई जिना चढून वर आल्या, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि त्यांनीच रिक्षा बोलावली. मेंदूत रक्ताची बारीक गाठ झाली होती. वेळेत पोचले म्हणून वाचले. त्या मुलीचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मी मानलेत, पण कितीही मानले तरी कमीच आहेत.

हात आठवड्यात सुधारला, ओठ जागेवर आला. आकडे मात्र आले नाहीत. फोन नंबर लिहून घेताना आठ दोन ऐकायचे आणि दोन आठ लिहायचे. बसवरचा नंबर वाचून चढायचे आणि भलत्याच दिशेला निघायचे. सातचा पाढा म्हणताना साती साती पर्यंत जायचे आणि तिथं एकदम अंधार. डॉक्टर म्हणाले, मेंदूला वेळ द्या, थोडा थोडा सराव करा. आमच्या ह्यांनी मला त्रास नको म्हणून गणिताची पुस्तकं माळ्यावर टाकली. हेतू चांगला होता, पण रिकाम्या कपाटाकडे बघून मला आपण वारल्यासारखं वाटायचं.

क्लासचे मालक भेटायला आले. माणूस भला आहे. माझ्या जागी तात्पुरतं कुणीतरी बघितलं होतं. जाताना दारात म्हणाले, "घाई नाही मॅडम. फक्त मे अखेरपर्यंत कळवा, जूनची बॅच कुणाला द्यायची ते ठरवावं लागेल." मी मान हलवली आणि दार लावून तिथंच खाली बसले. मला दुसरं काहीच येत नाही. स्वयंपाक बेताचा, माणसं जोडणं त्याहून बेताचं. गणित गेलं तर माझ्यात काय उरणार, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि त्याचं उत्तर मला काढता येईना.

एप्रिलमध्ये आक्का एसटीनं आल्या. पिशवीत दही, शेंगा आणि कसलंसं मुळीचं औषध. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि ह्यांना म्हणाल्या, "भावजी, हिला नेते मी. हितं भितीकडं बगत बसून काय हुनार हाय?"

मी जायला तयार नव्हते. माझं कुणी ऐकलं नाही.

गावात आक्कांनी मला कशी आहेस असं एकदाही विचारलं नाही. शेंगा फोडायला दिल्या, लसूण सोलायला दिला. चौथ्या दिवशी दुपारी सोप्यात बसलो असताना त्या म्हणाल्या, "तुझा त्यो आकडा हाय की म्हशीचा. त्याला अकरानं जातोय म्हनलीवतीस. आनि कशाकशानं जातोय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"का? बगितलं न्हाईस?"

"आक्का, बारा आकडी संख्या आहे. फोडून बघायला धडधाकट माणसाला दोन दिवस लागतील. मला साती साती आठवत नाही."

"मग मला कुटं घाई हाय? म्हैस कुटं चाललीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शंभर पानी वही आणून दिली आणि मला गोठ्यात नेलं. म्हैस मान झाडत होती. आक्कांनी एका हातानं वेसण धरली, दुसऱ्या हातानं कान उलटा केला आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगितला. मी लांब उभी राहून वहीत लिहिला. मग आक्का बोटांच्या पेरांवर आकड्यांची बेरीज करायला लागल्या. ही त्यांची जुनी सवय. आमच्याकडे गाडी घेताना नंबराची बेरीज काय येते ते आधी बघतात. दिरांच्या मोटारसायकलच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून दोन महिने गाडी थांबवलेली मी स्वतः पाहिली आहे.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. "सा न तीन नऊ. लई चांगलं."

मी वहीतल्या आकड्यांची बेरीज केली. अर्धा तास लागला, मध्ये दोनदा घसरले, पण शेवटी त्रेसष्टच आले. ताळा जुळला. त्यांनी कानावरून केलेली बेरीज आणि मी वहीवरून केलेली बेरीज एकच, म्हणजे नंबर बरोबर उतरला. फेब्रुवारीनंतर माझं एखादं उत्तर दुसऱ्या कुणाच्या उत्तराशी जुळलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. गोठ्यातल्या शेणामुताच्या वासात उभी राहून मला इतका आनंद झाला की मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तिनं मला शेपटी मारली.

मग रोज दुपारी एक तास वही. बेरीज नऊच्या पाढ्यातली, म्हणजे संख्येला नऊनं भाग जाणार. तो भागाकार करायला मला दोन दिवस लागले, पण तो नि:शेष गेला. सातनं करून बघितलं, बाकी उरली. अकराचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, ताटातला गोडाचा घास शेवटी ठेवतात तसा. तो जातो हे मला ठाऊकच होतं. बेंदराला उभ्या उभ्या केलं होतं.

एक आड एक आकडे घेतले. एकतीस. राहिलेले, बत्तीस. फरक एक.

पुन्हा केलं. एकतीस आणि बत्तीस. मग युक्ती सोडून सरळ लांबलचक भागाकार मांडला. बाकी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्यानं केला. बाकी एक. चार दिवस मी तोच भागाकार करत होते आणि चारही दिवस खाली तो एक माझ्याकडे बघत उभा होता. धडधाकट असताना ज्या संख्येला नजरेनं अकरानं भाग दिला, तिला आता कागद-पेन्सिल घेऊनही भाग जात नव्हता. संख्या तर बदलत नाही. नंबर बरोबर उतरलाय याचा ताळा आहे. मग बिघाड कुठं आहे ते सांगायला गणिताच्या बाई कशाला हव्यात?

पाचव्या दिवशी दुपारी आक्का सोप्यात तांदूळ पाखडत होत्या. मी वही मिटली आणि म्हणाले, "आक्का, मी क्लासला कळवते. येणार नाही म्हणून."

"का गं?"

"माझं डोकं गेलंय. हे बघा, ऐका." आणि मी रागारागानं वहीतली संख्या मोठ्यानं वाचली, जणू तिलाच चार लोकांत उभं करून जाब विचारत होते. "तीन सात पाच शून्य सात सात, पाच नऊ नऊ, आठ दोन एक. हिला अकरानं भाग जातो, मी स्वतः सांगितलं होतं. आणि माझी बाकी एक येते. चार दिवस. रोज एक!"

आक्कांचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. मी मोबाईल घेऊन निरोप लिहायला लागले, तर म्हणाल्या, "आज कशाला? उद्या धाड की. आज रेंज न्हाई."

रेंज होती. पण भांडायचंही बळ नव्हतं, म्हणून मी मोबाईल ठेवून दिला.

सकाळी धार काढून झाल्यावर त्यांनी गोठ्यातूनच हाक मारली. "ए बाई, वही घिऊन ये. त्या दिवशी मी चष्म्याबिगर वाचलं हुतं. उलटंपालटं वाचलं असंल माज्या हातनं. परत वाचू."

मी गेले. त्यांनी कान उलटा करून धरला आणि अगदी सावकाश, एकेक आकडा म्हशीच्या अंगावर ठेवल्यासारखा सांगितला. मी वहीवर बोट फिरवत होते. नऊ, नऊ, आणि मग त्या म्हणाल्या, "दोन. आठ. एक."

"आठ दोन एक," मी म्हणाले.

"न्हाई. दोन आठ एक. बग की हितं."

मी पुढं होऊन बघितलं. बिल्ल्यावर २८१ होतं. वहीत ८२१.

"माजीच चूक," आक्का म्हणाल्या. "चष्मा न्हवता. तू आपलं मी सांगितलं तसं लिवलंस."

गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मी पुन्हा बेरीज केली. सदतीस. सव्वीस. फरक अकरा. मग खाली पूर्ण भागाकार मांडला. शेवटच्या ओळीत बाकी शून्य आली आणि मी रडायला लागले.

रडता रडता मला हसूही यायला लागलं, कारण तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर बेरीज बदलत नाही. नऊचा ताळा अशा चुकीला कधीच पकडत नाही. अकराचा पकडतो, कारण त्याला आकड्यांची जागा कळते. हे मी बावीस वर्षं दर जूनमध्ये शिकवलं होतं! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बेरीज जुळली म्हणून नंबर बरोबर धरून बसले आणि चार दिवस आपल्या डोक्याला शिव्या घातल्या. डोकं बिचारं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. त्या चुकीच्या संख्येला अकरानं भागलं की बाकी एकच उरते. चारही वेळा माझं उत्तर बरोबर होतं.

"आक्का, मला भागाकार येतोय!" मी ओरडले.

"मग वरडतीस कशाला, म्हैस बुजंल," असं त्याच माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. मग माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं त्यांनी माझं तोंड पुसलं. पदराला दुधाचा वास होता.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. नऊ आणि अकरा काढल्यावर जी संख्या राहिली तिला आता सातनंही भाग गेला. तेरानं गेला नाही. सतरानं गेला, त्या दिवशी आक्कांनी गव्हाची खीर केली. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस, कुणाचंच चाललं नाही आणि मग सदतीसनं गेला. मग त्रेचाळीसनं. साती साती कधी परत आलं ते मला कळलंच नाही, त्या गडबडीत ते गुपचूप येऊन बसलं होतं. शेवटी हातात राहिले २००११. वीस हजार अकरा.

"आता ह्यो कशानं फुटतोय?" आक्का रोज विचारायच्या.

त्रेचाळीसनं पुन्हा भागलं. सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ, रोज तीन-चार मूळसंख्या. शंका नको म्हणून लहानांनाही एकदा पुन्हा विचारून घेतलं. तेवीसनं बाकी एक उरली, एकोणतीसनंही एक, आणि दोन्ही वेळा मी गोठ्यात जाऊन बिल्ला बघून आले, न जाणो. असं करत एकशे एकोणचाळीसपर्यंत गेले. त्यापुढं जायची गरज नसते, कारण पुढची मूळसंख्या एकशे एकोणपन्नास आणि तिचा वर्गच वीस हजार अकराच्या वर जातो. म्हणजे हा फुटणार नाही. त्याला एक आणि तो स्वतः, बाकी कुणी नाही.

"आमच्या सासूबाईवानी," आक्का म्हणाल्या. "कुनाकुनानं ताकद लावली, फुटल्या न्हाईत."

सगळे अवयव मी उलट गुणत गेले. तीन, तीन, सात, अकरा, सतरा, सदतीस, त्रेचाळीस आणि वीस हजार अकरा. वहीच्या शेवटच्या ओळीत तीच बारा आकडी संख्या उतरली, शेवटी दोन आठ एक. मी ती आक्कांना अक्षरी वाचून दाखवली: सदतीस हजार पाचशे सात कोटी, पंचाहत्तर लाख, नव्व्याण्णव हजार, दोनशे एक्क्याऐंशी.

आक्कांनी म्हशीकडे बघितलं. "एवढ्या कोटीची हाय आनि दूध साडेचार लिटर?"

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी क्लासच्या मालकांना फोन केला आणि जूनची बॅच मीच घेणार म्हणून सांगितलं. परतताना आक्का मला जोतिबाला घेऊन गेल्या. त्यांनी नवस बोलला होता म्हणे, हिची बाकी शून्य येऊ दे, गुलाल-खोबरं उधळीन. देवासमोर असला नवस दुसऱ्या कुणी बोलला असेल असं मला वाटत नाही. आम्ही दोघी गुलालानं माखून एसटीत बसलो आणि कंडक्टरनं लग्न कुणाचं होतं म्हणून विचारलं.

मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. आजही दमले की आकडे जागा बदलतात. प्रत्येक महत्त्वाची संख्या मी अकरानं तपासते, मुलांच्या देखत तपासते, आणि त्याची लाज वाटत नाही. फळ्यासमोर उभी राहते हेच मला पुष्कळ आहे. रोज जिना चढताना मधल्या मजल्यावर दाताच्या दवाखान्याच्या दाराला मी मनातल्या मनात हात जोडते.

हे चार वर्षांपूर्वीचं. यंदा आक्का म्हणाल्या की लांबचं धुरकट दिसतंय आणि सुईत दोरा जाईना झालाय, म्हणून मी त्यांना राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. तपासणाऱ्या मुलानं विचारलं, "मावशी, आधीचा चष्मा आणलाय का? जुना नंबर बघतो."

"आदीचा कुटला?" आक्का म्हणाल्या. "ह्यो पैलाच की. आजवर डोळ्यानं कवा दगा दिला न्हाई मला."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला आधी काही जाणवलं नाही. त्यांच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढली, मुलगा भिंगं बदलत राहिला, आक्का अक्षरं वाचत राहिल्या, आणि मग मला एकदम आठवलं. गोठ्यातली ती सकाळ. चष्म्याबिगर वाचलं हुतं. कुठला चष्मा? त्या घरात मी दीड महिना राहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर एकदाही चष्मा पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. उसाच्या रसाचे ग्लास समोर आले. मी विचारलं, "आक्का, म्हशीचा नंबर काय हो?"

"कुनाचा? अकरावालीचा?" त्यांनी ग्लास उचलला आणि न थांबता म्हणून टाकलं, "तीन सात पाच शून्य, सात सात पाच नऊ, नऊ दोन आठ एक."

"पाठ आहे तुम्हाला?"

"बिल्ला ठोकल्यापास्नं. लस टोचाय आलं की डॉक्टर इचारतोय, कान धरून कितीदा वाचायचं? म्हनून पाटच केला."

"म्हणजे तुम्ही उलटं वाचलं नव्हतं. मी उलटं लिहिलं होतं."

आक्का रस प्यायल्या, ओठ पुसले आणि रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत राहिल्या.

"त्या दुपारी तू वाचलंस तवाच कळलं मला," त्या म्हणाल्या. "पर तुला सांगून काय झालं असतं? त्यो मोबाईल हातात हुता तुज्या. चूक तुजी हाय म्हनलं असतं, तर त्यो निरोप गेलाच असता."

"पण तुम्ही खोटं बोललात."

"बोलले की. तुज्या पदरात तवा एक चूक बी मावत न्हवती. माज्या पदरात लई जागा हाय."

भर दुपारी, चार कॉलेजची पोरं शेजारच्या टेबलावर बसलेली असताना, मी रसवंतीत हुंदके देऊन रडले. आक्का रसवाल्याला म्हणाल्या, "पावणं, हिला अजून एक द्या. बरफ घालू नका."

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ८२१ लिहिलेलं आहे. मी ते खोडलेलं नाही.

परवा वर्गात अकराची कसोटी शिकवत होते. मी एक दहा आकडी संख्या सांगितली, मुलांनी लिहून घेतली, जवळजवळ सगळ्यांची बाकी शून्य आली. शेवटच्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून पुन्हा पुन्हा बेरीज करत होती. "मॅडम, माझी बाकी उरतेय," ती म्हणाली, आणि दोन-तीन पोरं हसायच्या तयारीत तिच्याकडे वळली. मी जवळ जाऊन वही बघितली. मधले दोन आकडे उलटे होते.

"थांब," मी म्हणाले. "मीच सांगताना उलटं सांगितलं असेल. परत सांगते, सगळ्यांनी लिहा."